माळ काढू नकोस, सदा

वेंगुर्ले,
१२ ऑक्टोबर

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं आणि रिपोर्टात बी१२ जीवनसत्त्व अगदी तळाला. पण सगळ्यात जास्त मनाला लागलं ते तुझं शेवटचं वाक्य : ‘माणूस मांस खायलाच जन्मला असेल, तर चाळीस वर्षं ही माळ मी शरीराच्या विरुद्ध घातली का?’ तेव्हापासून तेच डोक्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी औषधाचं. इंजेक्शनं एकही चुकवू नकोस. हे दुखणं अंगावर काढलं तर नसांना झालेली इजा कायमची राहू शकते. बी१२ कुठलंही झाड बनवत नाही आणि कुठलंही जनावरही बनवत नाही. ते बनवतात जीवाणू. गाईला ते तिच्या पोटातल्या जीवाणूंकडून मिळतं, नि तिच्याकडून आपल्याला. औषधातलंही जीवाणू वाढवूनच काढतात, त्यासाठी कुणाचा जीव जात नाही. पुढे गोळ्यांवर आलास तर कॅप्सूल नको, साधी गोळी माग. कॅप्सूलचं वेष्टण पुष्कळदा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडाकातड्याचं असतं. आणि हे तुझं एकट्याचं दुखणं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटानं भोवतालच्या खेड्यांत वर्षानुवर्षं काम केलं, तिथल्या गरोदर बायांमध्येही ही कमतरता सर्रास आढळली.

आता तुझ्या घरातलं भांडण. मुलगा म्हणतो, आपले दात गाईसारखे. पुतण्या म्हणतो, सुळे आहेत म्हणजे आपण वाघाच्या जातीचे. गोरिलाचे सुळे आपल्यापेक्षा कितीतरी मोठे, आणि तो बहुतेक पाला नि फळंच खातो. दातांवरून हा निकाल लागत नाही. आतड्यावरून थोडं कळतं. चिंपांझीच्या पचनमार्गात मोठं आतडं जवळपास निम्मी जागा घेतं, कारण चोथा तिथे कुजवून त्यातून ताकद काढायची असते. आपल्यात ते पाचव्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे नुसता कच्चा पाला खाऊन आपलं भागायचं नाही, अन्न मऊ आणि कसदार हवं. ते मांस असू शकतं, चुलीत भाजलेला कंदही असू शकतो. इथिओपियात २५ लाख वर्षांपूर्वीच्या हाडांवर दगडानं मांस सोलल्याच्या खुणा आहेत, हे खरंच. पण भाकरीचा घास खूप वेळ चावला की गोड लागतो ना? लाळेतला जो रस पिठाची साखर करतो, त्याची जनुकं आपल्यात चिंपांझीपेक्षा जास्त आहेत.

मला स्वतःला दोन उणिवांचं फार वाटतं. मांजर क जीवनसत्त्व आपलं आपण तयार करते. आपल्यात ते जनुक निकामी झालंय. माकडांच्या नि आपल्या सामाईक पूर्वजांतच झालं, फळापाल्यातून रोज मिळत होतं म्हणून कुणाचं अडलं नाही. दुसरी उणीव बी१२ची. आपल्याही मोठ्या आतड्यातले जीवाणू ते बनवतात, पण शोषून घेणारा भाग त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटी. घरात विहीर असून पाणी शेजाऱ्याकडून आणावं तसं. एक देणं झाडाचं, एक जनावराचं. या शरीरानं दोन्ही घरी उधारी ठेवली आहे, सदा.

आणि हे शरीर थांबलेलंही नाही. वनस्पतीच्या तेलातून मेंदूला लागणारी चरबी करणाऱ्या जनुकाचा एक प्रकार आहे. २०१६ साली पुण्यातल्या लोकांचे नमुने तपासले, तर आईवडील दोघांकडून तो मिळालेले ६८ टक्के निघाले. अमेरिकेतल्या गटात १८ टक्के. ग्रीनलंडच्या इनुइट लोकांत, पिढ्यान्‌पिढ्या सील नि मासे खाऊन, त्याच जनुकांत वेगळे बदल झालेत. तुझ्या आजी-पणजीच्या ज्वारीनं, डाळीनं, करडईच्या तेलानंही रक्तात काही लिहून ठेवलं असेल.

मी मासे खातो ते आवडतात म्हणून, किनाऱ्यावर जन्मलो म्हणून. शरीराचं नाव पुढे करणार नाही. तूही माळ आतडं मोजून घातली नव्हतीस. हॉस्टेलच्या गच्चीवर एका रात्री तू सांगितलं होतंस : पाला चारून वाढवलेलं बोकड जत्रेत कापलं, ते तुझ्या हाकेला मान वळवत होतं. त्या वर्षीच्या आषाढी वारीला तू आळंदीहून चालत निघालास. मी तेव्हा काही बोललो नव्हतो, पण विसरलोही नाही. त्या बोकडाला कुठल्या रिपोर्टानं उत्तर देणार?

कार्तिकी झाली की इकडे ये. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या, सोलकढी करू. तुझ्यासाठी आई शिवराकाचं, म्हणजे शाकाहारी जेवणाचं, जे वेगळं पातेलं ठेवायची ते माडीवर सापडलं. कल्हई करून आणलंय.

वहिनींना नमस्कार. पुढचा रिपोर्ट आला की आकडा कळव.

तुझा,
बाळा