वृंदास पत्र : पंधरा टक्क्यांचा सौदा

स्टुटगार्ट
16 नोव्हेंबर 2025

प्रिय वृंदा,

तुझं सविस्तर पत्र वाचलं. अमेरिकेच्या 50 टक्के आयातशुल्कापायी भोसरीतल्या तुमच्या ऑर्डरी अडकल्यात हे वाचून फार वाईट वाटलं. पुढे तू विचारलंयस, "तुम्हा युरोपवाल्यांना 15 टक्क्यांवर सोडलं, मग तक्रार कसली? आणि एवढा श्रीमंत युरोप, त्यानं न भांडता मान का तुकवली?" प्रश्न मनाला लागला, कारण इथे जेवणाच्या सुट्टीत आम्हीही हेच बोलत असतो.

आधी त्या पंधरा टक्क्यांचं सांगते. आमची कंपनी कारखान्यांना लागणारे पंप बनवते आणि अमेरिकेला जाणाऱ्या मालाची कागदपत्रं माझ्याकडे असतात. पोलाद आणि अॅल्युमिनियमवर तिथे जूनपासून 50 टक्के शुल्क आहे. 18 ऑगस्टला त्या यादीत आणखी 407 प्रकारचा माल घातला, त्यात पंप आणि कॉम्प्रेसरही आले. आता एका पंपाचे कागदावर दोन भाग करावे लागतात : त्यातल्या पोलादाच्या किमतीवर 50 टक्के, उरलेल्यावर 15. शिवाय पोलाद कुठल्या देशात वितळवलं, कुठे ओतलं, तेही लिहायचं. शाफ्टचं एक वेळ सोपं असतं, पण नटबोल्ट, वॉशर, नावाची पट्टी? पुरवठादाराला विचारावं तर तो त्याच्या पुरवठादाराकडे बोट दाखवतो. अॅल्युमिनियमचा मूळ देश सांगता आला नाही, तर ते रशियाचं धरून 200 टक्के लावतात. आमच्याकडे यावर दोन माणसं दिवसभर बसलेली असतात. मोठ्या कंपन्यांना हे परवडतं. आमच्या आसपासच्या गावांत साठ-सत्तर माणसांचे, पिढीजात कारखाने आहेत, त्यातल्या काहींनी अमेरिकेला माल पाठवणंच थांबवलंय.

आता मान तुकवण्याबद्दल. 12 जुलैला ट्रम्प यांचं पत्र आलं की 1 ऑगस्टपासून युरोपच्या मालावर 30 टक्के शुल्क. युरोपच्या हातात काहीच नव्हतं असं नाही. 93 अब्ज युरोच्या अमेरिकी मालावर उलट शुल्क लावायची यादी मंजूर होऊन तयार होती : विमानं, मोटारी, सोयाबीन, बर्बन व्हिस्की. ती वापरलीच नाही. 27 जुलैला युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीला, ट्रम्प यांच्याच गोल्फच्या मैदानावर गेल्या आणि 15 टक्क्यांवर सौदा करून आल्या. वर 750 अब्ज डॉलरची ऊर्जाखरेदी आणि 600 अब्जांच्या गुंतवणुकीचा शब्द. ही खरेदी तीन वर्षांत करायची, म्हणजे आज घेतो त्याच्या तिपटीहून जास्त तेल-वायू दरवर्षी घ्यायचा. गुंतवणूक तर खासगी कंपन्यांची, ती करा असा हुकूम ब्रुसेल्समधला आयोग देऊच शकत नाही.

हिशेबाच्या दृष्टीनं यात काही अर्थ नव्हता. 2024 मध्ये मालाच्या व्यापारात युरोपचं पारडं साधारण 198 अब्ज युरोंनी जड होतं हे खरं, पण सॉफ्टवेअर, बँकिंग वगैरे सेवांत अमेरिकेचं सुमारे 148 अब्जांनी. वजाबाकी केली तर फरक 50 अब्जांचा, एकूण उलाढालीच्या तीनेक टक्के. खरं कारण दुसऱ्या दिवशी युरोपचे व्यापार आयुक्त शेफचोविच यांनी उघडच सांगितलं : हा नुसता व्यापाराचा प्रश्न नाही, सुरक्षेचा आहे, युक्रेनचा आहे. हवाई हल्ले रोखणारी पेट्रियटची क्षेपणास्त्रं अमेरिकेची. उपग्रहांची माहिती अमेरिकेची. फेब्रुवारीच्या अखेरीस व्हाइट हाउसमध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्कींना कॅमेऱ्यांसमोर कसं वागवलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्यानंतर काही दिवस ती मदत थांबलीही होती. जकातीवरून भांडलो आणि तिकडे कीवचं आकाश उघडं पडलं तर, ही ती भीती.

सैन्य आणि व्यापार एकाच तराजूत घालणं अगदी नवं आहे असंही नाही. 1962 मध्ये युरोपनं अमेरिकेच्या स्वस्त कोंबड्यांवर जबर शुल्क लावलं. आर्कान्सा हे कोंबड्यांचं राज्य. तिथले सिनेटर फुलब्राइट नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीतल्या अण्वस्त्रांच्या चर्चेत कोंबड्यांचा विषय घेऊन उभे राहिले आणि युरोपातलं सैन्य कमी करू असं बजावलं. सैन्य राहिलं. पण राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी उलट लावलेलं, हलक्या ट्रकांवरचं 25 टक्के शुल्कही राहिलं. 1964 पासून. कोंबड्यांचं भांडण कोणाच्या लक्षातही नाही आणि त्या शुल्काच्या आडोशानं तिथला अख्खा पिकअप ट्रकचा धंदा उभा राहिलाय. म्हणून "पंधरा टक्के तात्पुरते आहेत, तीन वर्षांनी ट्रम्प गेले की जातील" असं इथे कोणी म्हणालं की मला ते पटत नाही. शुल्काच्या आड कारखाने उभे राहतात, त्यांत माणसं कामाला लागतात, मग ते काढायला कुठल्याच पक्षाचा हात धजत नाही.

फरक एवढाच की तेव्हा धमकी एका सिनेटरची होती आणि राष्ट्राध्यक्षांचा शब्द पक्का होता. युद्धानंतर युरोप उभा करायला दिलेले मार्शल योजनेचे 13 अब्ज डॉलर, 1949 चा नाटो करार, वाट अडवलेल्या बर्लिनला विमानांनी माल पोचवणारा हवाई पूल, या सगळ्यावर इथल्या म्हाताऱ्या माणसांचा खरोखर जीव आहे. माझ्या शेजारच्या आजी लहानपणी अमेरिकी पार्सलातून आलेल्या दुधाच्या भुकटीबद्दल अजून सांगतात. त्यांना आजच्या बातम्या ऐकून राग येत नाही, त्या दुखावल्यात. आणि दुसऱ्या बाजूनंही हे नातं जपलेलं आहे : एकावर हल्ला तो सर्वांवर, हे नाटोचं पाचवं कलम आजवर एकदाच लागू झालं, 2001 मध्ये, अमेरिकेसाठी. जर्मन, डॅनिश, पोलिश पोरं अफगाणिस्तानात मेली. हे वॉशिंग्टनमध्ये विसरलं जातं याची मला चीड येते.

पण दोष एकट्या अमेरिकेचा नाही. संरक्षणावर देशाच्या उत्पन्नाच्या 2 टक्के खर्च करू असा शब्द 2014 मध्ये नाटोच्या वेल्सच्या बैठकीत दिला होता, जर्मनीला तो पाळायला 2024 उजाडलं. मधली बरीच वर्षं स्वस्त वायू रशियाचा, बाजार चीनचा आणि पहारा अमेरिकेचा. यंदा मार्चमध्ये जर्मनीनं कर्जाची मर्यादा सैल केली, जूनमध्ये हेगला नाटोच्या बैठकीत 2035 पर्यंत 5 टक्क्यांचं कबूल केलं. हे दहा वर्षं आधी केलं असतं, तर जुलैत ती 93 अब्जांची यादी टेबलावर ठेवता आली असती. स्वतःचा पहारा स्वतः केल्याशिवाय बाजारात ताठ उभं राहता येणार नाही, हे मला आता पुरतं पटलंय, पेन्शन आणि शाळांचे पैसे त्यात जाणार हे दिसत असूनही.

सौद्यातला युरोपचा भाग, म्हणजे अमेरिकी औद्योगिक मालावरचं शुल्क शून्य करणं, त्याला युरोपीय संसदेची मंजुरी अजून व्हायचीय. त्या सवलतीला मुदत घाला, पोलादाचं 50 टक्के उतरलं नाही तर ती आपोआप संपू दे, असं मी आमच्या भागातल्या खासदारांना लिहिलंय. तूही तुमच्या औद्योगिक संघटनेत बोल. आणि हो, तुमच्या फास्टनर्सची (नटबोल्टांची) मिल टेस्ट सर्टिफिकेटं, म्हणजे पोलाद कारखान्याचे तपासणीचे दाखले, प्रत्येक लॉटची आत्तापासून मागून ठेव, वितळवल्याचा देश त्यावर स्पष्ट हवा. नमुना हवा असेल तर आमचा फॉर्म पाठवते.

आईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
मंजिरी