‘सॉरी’ मोजायला शिकवणाऱ्या सरांना

सर,

सप्रेम नमस्कार.

माझं नाव सांगून तुम्हाला काही आठवेल असं वाटत नाही. पण तुम्ही माउसची वायर काढून खिशात टाकलीत तेव्हा जिचे डोळे भरून आले होते ती मुलगी, असं म्हटलं तर कदाचित आठवेल. ती मीच. आता मीही नवख्या मुलांना वेब इंटरफेस शिकवते, म्हणजे वेबसाइटची पानं वापरायला सोपी कशी करायची ते. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझे विद्यार्थीही ते वाचतील आणि आपल्या बाईंच्या खोडी मूळच्या कुणाच्या, हे त्यांना एकदाचं कळेल.

मी या विषयाकडे आले ती हाताला चित्रकला होती म्हणून. तुम्ही पहिला महिनाभर रंगच दिले नाहीत. कागद, पेन्सिल, खोडरबर. शेजारच्या तुकडीतली मुलं स्क्रीनवर काय काय हलवत होती आणि आम्ही चौकोन काढत बसलो होतो. मी मनातून चडफडत होते. रंग न देण्याचं कारण तुम्ही एकदाच सांगितलंत, तेही जाता जाता: रंगवलेल्या पानाला नावं ठेवायला माणूस कचरतो, पेन्सिलीच्या रेघेला कुणीही ठेवतं. शिकवायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात याची प्रचिती आली. तयार दिसणारं पान दाखवलं की मुलांना ‘छान आहे’ याखेरीज काही ऐकायला मिळत नाही.

आणि मग ती टेस्ट. मी ग्रंथालयाचं पान केलं होतं. घेतलेल्या पुस्तकाची मुदत वाढवून घ्यायची, एवढंच काम. ते बटण कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून मी त्याला उजवीकडे एक झकास चौकट केली: गडद रंग, सावली, ठळक अक्षरं, कोपऱ्यात पुस्तकाचं चित्र. तुम्ही ऑफिसमधल्या एका ताईंना आणून बसवलंत आणि म्हणालात, ‘जे मनात येईल ते मोठ्यानं बोलत जा.’ ताई डावीकडे बघत होत्या, वर मेन्यूत शोधत होत्या, पानाच्या तळापर्यंत जाऊन परत वर येत होत्या. त्या चौकटीवरून त्यांचा कर्सर दोनदा गेला. दोनदा! मला राहवेना. ‘अहो, ते उजवीकडे...’ इतकं तोंडातून निघालं आणि तुम्ही हात वर केलात. ‘हे पान जिथे जिथे उघडेल तिथे तू शेजारी जाऊन बसणार आहेस का?’

मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून गप्प बसले. त्या तीन-चार मिनिटांइतका वेळ माझ्या आयुष्यात कधी लांबला नव्हता.

शेवटी ताई ओशाळून म्हणाल्या, ‘सॉरी हं, मला यातलं फारसं कळत नाही.’

तुम्ही उठून फळ्यावर एक उभी रेघ मारलीत. ‘ही हिच्या नावावर,’ म्हणून माझ्याकडे बोट दाखवलंत. आणि ताईंना म्हणालात, ‘तुमचं काही चुकलेलं नाही. परीक्षा तुमची नाही, हिच्या पानाची आहे.’ मग ती चौकट दाखवून विचारलंत, ही दिसली नाही का? त्यावर ताई म्हणाल्या, ‘ही होय? मला वाटलं जाहिरात आहे.’

जाहिरातीसारखं दिसणारं काहीही डोळा आपोआप वगळतो. याला बॅनर ब्लाइंडनेस म्हणतात आणि बेनवे व लेन या संशोधकांनी ते १९९८ सालीच मांडलंय, हे तुम्ही दुसऱ्या दिवशी सांगितलंत. आधी सांगितलं असतंत तर मी ते वहीत उतरवलं असतं आणि चौकट तशीच ठेवली असती.

त्या दिवसापासून आमच्या वहीत एक समास फक्त रेघांसाठी. युजर ‘सॉरी’ म्हणाला, ‘माझंच चुकलं असेल’ म्हणाला, ‘आमच्यासारख्यांना कुठलं जमायला’ म्हणाला, की एक रेघ. किती सेकंद लागले, किती क्लिक झाले, हेही आम्ही लिहायचो. पण तुम्ही वही हातात घेतलीत की आधी तो समास बघायचात. इतकं साधं मोजमाप मी नंतर कुठल्या पाठ्यपुस्तकात पाहिलं नाही. माणूस दुसऱ्याच्या चुकीची माफी स्वतः मागतो, आणि चूक करणारा शेजारी बसलेला असूनही त्याला ते ऐकू येत नाही. मला तरी तोपर्यंत आलं नव्हतं.

माउसचं प्रकरण त्यानंतरचं. माउसऐवजी कीबोर्डवरचं टॅब दाबत पुढे गेलं की बटणाभोवती जी कड उमटते ती मला कुरूप वाटायची, म्हणून सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, ‘आउटलाइन: नन’ लिहून मी ती घालवली होती. तुम्ही वायर खिशात टाकलीत आणि म्हणालात, ‘आता फॉर्म भर.’ कुठल्या रकान्यात आहे तेच कळेना. पाचव्यांदा टॅब दाबल्यावर मी अंदाजानं एंटर मारलं आणि अर्धवट भरलेला फॉर्म पुसला गेला. ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना माउस धरताच येत नाही, त्यांचं रोजचं काय होत असेल, यावर तुम्ही भाषण दिलं नाहीत. वायर परत दिलीत आणि पुढच्या मुलाकडे वळलात. रडू आलं ते त्या पुसलेल्या फॉर्मचं नव्हतं, हे आज सांगते.

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांची माझी हौसही अशीच मोडलीत: मोबाईल घेऊन बाहेर उन्हात जा आणि वाचून दाखव. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, म्हणजे काँट्रास्ट, किमान ४.५:१ हवा हा डब्ल्यूसीएजीचा (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा) नियम मी उन्हातून परत आल्यावर वाचला. माझा २.३ होता.

वापरायला सोप्या इंटरफेससाठीचे, जेकब निल्सन या तज्ज्ञाचे १९९४चे दहा नियम तुम्ही पार नवव्या आठवड्यात काढलेत. शेजारच्या तुकडीला ते पहिल्याच तासाला पाठ होते. पण आम्ही यादी वाचायला लागलो तेव्हा वर्गात खसखस पिकली, कारण प्रत्येक नियमाला आमच्यातल्या कुणाचा ना कुणाचा चेहरा होता. ‘चूक होण्याआधीच ती टाळा’ म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

एका टेस्टला पाच युजर का पुरतात, हा निल्सनचा हिशोब मी अजूनही तुमच्यासारखाच फळ्यावर मांडते. एका माणसाला सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात असं धरलं तर दोघांना मिळून ५२, तिघांना ६७ आणि पाच जणांना ८४ टक्के. पुढचे लोक बहुतेक तेच तेच दाखवतात. मुलं खूश होतात, पाचात भागलं म्हणून. मग तुमचंच वाक्य ऐकवते, की हे ३१ निल्सननं तपासलेल्या प्रकल्पांचं होतं, आपलं कमीही असू शकतं. आणि पाच म्हणजे एका फेरीचे पाच. दुरुस्ती करा, नवे पाच आणा. तरी दर वर्षी कुणीतरी ‘आमचं पान आवडलं का?’ असा फॉर्म शंभर जणांना पाठवून शंभर होकार घेऊन येतोच. मी त्याला एका माणसाशेजारी गप्प बसायला पाठवते.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकत नाही. रंग मी दुसऱ्याच आठवड्यात देते. महिनाभर चौकोन काढून काही मुलं खरंच कोमेजतात, आणि देखणेपणा ही काही वरून भुरभुरायची वस्तू नाही. १९९५ साली जपानमध्ये कुरोसू आणि काशिमुरा या संशोधकांनी एटीएमच्या स्क्रीनच्या २६ मांडण्या लोकांना दाखवल्या, तेव्हा जी दिसायला बरी तीच वापरायलाही सोपी, असं लोकांना वाटलं. हे मी माझ्या बाजूनं सांगतेय खरं. पण तुम्ही लगेच म्हणाल, ‘म्हणजे देखणं पान टेस्टमध्येही लोकांना फसवणारच की!’ म्हणा. माझ्याकडे उत्तर नाही. रंग तरीही देणार.

पत्र आजच लिहायचं कारण सांगते. परवा माझ्या वर्गातल्या एका मुलीनं अर्जाच्या पानाची दुसरी फेरी घेतली. पहिल्या फेरीत समासात सात रेघा होत्या, या वेळी एकच. ती एक घेऊन ती माझ्याकडे आली. म्हणाली, ‘बाई, ही मोजायची का? काकूंचा फोन वाजला, त्या सॉरी म्हणून बाहेर गेल्या. ही काही पानाची नाही ना?’ मी हो म्हणणारच होते. मग सहज विचारलं, फोन झाल्यावर त्यांनी काय केलं?

‘काही नाही,’ ती म्हणाली, ‘परत पहिल्यापासून भरायला लागल्या. तोवर पान कोरं झालं होतं.’

तिनं ती रेघ पेन्सिलीनं काढली होती. माझ्यासमोर बसून तिनं ती पेननं गिरवली.

तुमची विद्यार्थिनी