विमान चांगले होते, मागणीपत्रक वाईट होते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१९४० साली फ्रान्सचा पाडाव कसा झाला, यावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. लेखकाची शैली ओघवती आहे, पण दोन गोष्टी खटकल्या. ‘जर्मनांना तोंड देईल असे टेहळणी विमान फ्रान्सकडे नव्हतेच’ हे वाक्य एक, आणि सोबतच्या छायाचित्राखालची ‘फ्रेंच बॉम्बफेकी विमान पोतेझ’ ही ओळ दुसरी. चित्रातले विमान पोतेझ नाही आणि बॉम्बफेकीही नाही. ते ब्लॉक एमबी १७४ आहे, म्हणजे लेखक जे ‘नव्हतेच’ म्हणतात नेमके तेच. लेखातल्या वाक्याला लेखाच्याच चित्राने खोटे पाडावे, हा योग विरळा.

ओळख पटवणे अवघड नाही. दोन इंजिने आणि शेपटीवर दोन उभे पंख पोतेझ ६३.११ लाही होते, त्यामुळे गल्लत होते. पण पोतेझचे नाक आखूड, वैमानिकाच्या पायांखालून काच उतरत गेलेली, सगळे विमान पुढे वाकून बसल्यासारखे. ब्लॉकचे नाक लांब आणि निमुळते, टोकाला निरीक्षकासाठी काच, आणि वैमानिकाची बैठक बरीच मागे, पंखांच्या वर. या मागे सरकलेल्या बैठकीतच त्या विमानाचा सगळा इतिहास दडला आहे, म्हणून हे पत्र जरा लांबवतो.

माझी नोकरी हवाई दलाच्या फोटो सेक्शनमध्ये गेली. कॅनबेरा विमानाच्या पोटात कॅमेरे चढवायचे, उड्डाणानंतर फिल्मची मॅगझिन उतरवून डार्करूमकडे पळायचे आणि ओली निगेटिव्ह उजेडाच्या टेबलावर पसरायची, हे आमचे काम. त्यामुळे युद्धाच्या गोष्टीत लोक तोफा मोजतात, तिथे माझे लक्ष विमानात कॅमेरा कुठे बसवला होता याकडे जाते.

आता मूळ मुद्दा. १७४ ज्या आराखड्यातून निघाले त्या ब्लॉक एमबी १७० चा पहिला नमुना १५ फेब्रुवारी १९३८ रोजी हवेत झेपावला. आंरी देप्लांत हा त्याचा मुख्य अभियंता. मार्सेल ब्लॉक यांचा कारखाना तोवर राष्ट्रीयीकरणात गेला होता. १९३६ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या आघाडी सरकारने शस्त्रउद्योग ताब्यात घेण्याचा कायदा केला, हवाईमंत्री प्येर कोत यांनी विमान कारखान्यांच्या सहा सरकारी कंपन्या केल्या आणि ब्लॉक यांचा कारखाना नैर्ऋत्य फ्रान्सच्या कंपनीत आला. (युद्धानंतर ब्लॉक यांनी दासो हे आडनाव घेतले. राफेल बनवणारे ते हेच घराणे.) पाडावाचे सगळे खापर या राष्ट्रीयीकरणावर आणि त्या काळातल्या संपांवर फोडायची एक रीत आहे. मला ती पटत नाही. गोंधळ झाला हे खरे, पण त्या गोंधळातूनही हे विमान उडालेच ना!

अडचण वेगळीच होती. या नमुन्याचे सरकारी मागणीपत्रकातले नाव होते ‘एबी२-ए३’. म्हणजे दोघे बसले तर हल्ल्याचे बॉम्बफेकी विमान, तिघे बसले तर सैन्यासाठी टेहळणी करणारे. नाकात २० मिलिमीटरची तोफ, पाठीवर मशीनगन, आणि पोटाखाली एक फुगवटा काढून त्यात आणखी एक मशीनगन. दुसरा नमुना निव्वळ बॉम्बफेकीसाठी केला, त्याचा पोटाखालचा फुगवटा काढून टाकला आणि वैमानिकाच्या डोक्यावरची काच बदलली. त्यानंतर टेहळणीसाठी १७४ आखले, त्यात बैठक मागे नेली आणि नाकाला काच लावली. हे १७४ उडाले ५ जानेवारी १९३९ रोजी. पुढे इंजिने तापण्याची तक्रार निस्तरण्यात वेळ गेला. स्क्वाड्रनच्या हाती पहिली विमाने आली ती मार्च १९४० मध्ये. पहिल्या नमुन्याच्या पहिल्या उड्डाणापासून धरले तर दोन वर्षे उलटून गेली होती.

एकाच विमानाने सगळे करावे, हा हट्ट फ्रेंच हवाई खात्यात जुना. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘बीसीआर’ नावाचा प्रकारच काढला होता : बॉम्बफेक, लढाई आणि टेहळणी, तिन्ही कामे एका यंत्राकडून. १९३३ मध्ये उडालेले पोतेझ ५४० त्यातलेच. ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेग, जागोजागी बंदुका, आत माणसांची गर्दी. ते कोणतेच काम धड करू शकले नाही. १९३६ मध्ये उडालेले ब्लॉक १३१ पुढच्या पिढीचे, पण त्याचाही वेग ताशी ३५० च्या घरात. सप्टेंबर १९३९ मध्ये ते दिवसाढवळ्या सीमेपलीकडे पाठवले गेले आणि इतकी विमाने पडली की महिन्याभरातच त्याला रात्रीच्या कामावर टाकावे लागले.

वेगाला मी इतके महत्त्व का देतो, ते आमच्या कामाच्या हिशेबाने सांगतो. समजा कॅमेऱ्याची लेन्स ५०० मिलिमीटरची आहे आणि विमान १०,००० मीटरवर आहे. फोटोचे प्रमाण येते १:२०,०००. जर्मनांचा पँझर ४ रणगाडा सहा मीटरच्या आतबाहेर लांबीचा. तो निगेटिव्हवर उमटतो ०.३ मिलिमीटर, पेन्सिलीच्या टोकाने दिलेल्या ठिपक्याएवढा. तो ठिपका रणगाडा आहे की गवताची गाडी, हे त्याच्या सावलीवरून आणि मागेपुढे किती ठिपके एका रांगेत आहेत त्यावरून ठरते. खात्री करायला स्टिरिओस्कोपखाली दोन शेजारचे फोटो लावून उंची बघायची. त्यासाठी प्रत्येक फोटोने आधीच्या फोटोचा साठ टक्के भाग पुन्हा टिपलेला हवा. १८ सेंटिमीटरची चौकोनी फिल्म असेल तर एका फोटोत जमिनीचे ३.६ किलोमीटर मावतात, त्यातले फक्त दीडएक किलोमीटर नवे. ताशी ५०० च्या वेगाने म्हणजे दर दहा सेकंदांना एक फोटो.

आणि तेवढा वेळ विमान सरळ रेषेत हवे. एक पंख झुकला की पट्टी वाया. तीस किलोमीटरचा रस्ता टिपायला ताशी ५०० ने साडेतीन मिनिटे लागतात, ब्लॉक १३१ च्या वेगाने पाच मिनिटांच्या वर. जमिनीवरून निघालेले जर्मन लढाऊ विमान मेसरश्मिट १०९ तोवर किती वर येते, हा सगळा खेळ. फोटो काढणाऱ्याला वळता येत नाही, डुबकी मारता येत नाही. त्याला फक्त उंच आणि वेगात असता येते.

या कसोटीवर १७४ उतरत होते. पंखांवर नोम-रोन १४एन ही चौदा सिलिंडरची, हवेने थंड होणारी दोन इंजिने, प्रत्येकी अकराशे अश्वशक्तीच्या आसपास. डावे आणि उजवे इंजिन उलटसुलट दिशांनी फिरणारे, त्यामुळे विमान एका बाजूला ओढत नसे. (मेकॅनिकच्या दृष्टीने ही डोकेदुखीच, डावीकडचे इंजिन काढून उजवीकडे लावायची सोय नाही.) पाच हजार मीटरच्या थोडे वर वेग ताशी ५३० किलोमीटर, आणि कमाल उंची ११,००० मीटर. पाठलाग करणाऱ्या १०९ चा वेग कागदावर यापेक्षा थोडा जास्त भरतो, पण विमान दिसल्यावर खालून वर चढत येऊन गाठण्याइतका जास्त नाही. हवेत पाडल्या गेलेल्या १७४ ची संख्या म्हणूनच फार थोडी आहे. ताशी ४२५ च्या वेगाचे पोतेझ ६३.११ मात्र शेकड्यांनी बनले आणि शेकड्यांनी गेले. त्या मोहिमेत फ्रान्सने सर्वाधिक गमावलेले विमान तेच. १७४ पन्नासच्या आसपासच तयार झाली. ‘नव्हते’ आणि ‘पुरेसे नव्हते’ यांत लेखकाने फरक करायला हवा होता.

याच काळात, याच फ्रान्सच्या भूमीवर, इंग्रजांनी काय केले ते पाहा. मॉरिस लाँगबॉटम नावाच्या वैमानिकाने ऑगस्ट १९३९ मध्ये वरिष्ठांना टिपण पाठवले : टेहळणी विमानाला बंदुका नकोत, एकच माणूस पुरे, स्पिटफायरमधले जड सामान काढा आणि कॅमेरे घाला. सिडनी कॉटन या खटपट्या ऑस्ट्रेलियन माणसाने ते अंमलात आणले. १८ नोव्हेंबर १९३९ रोजी लिलजवळच्या सेक्लँ तळावरून स्वतः लाँगबॉटमच पहिल्या फेरीवर गेला. टिपणापासून उड्डाणापर्यंत तीन महिने. त्यांना विमान आयते मिळाले हे मान्य, पण ‘काय नको’ हे आधी ठरवल्यामुळेच ते जमले. फ्रेंचांच्या नमुन्यात ‘काय काय हवे’ याचीच यादी होती. तोफ, खालची बंदूक, बॉम्ब, तिसरा माणूस. यांतले एकेक काढत, बैठक मागे सरकवत ते शेवटी योग्य जागी पोहोचले, पण दिनदर्शिका थांबली नाही.

तरी केवळ विमानाच्या उशिराने सगळे बिघडले असेही नाही. आर्देनच्या जंगलातून जर्मन वाहनांच्या रांगा येत असल्याचे फ्रेंच टेहळणी वैमानिकांनी १२ मेच्या सुमाराससुद्धा कळवले होते, तेही जुन्या विमानांतून. मुख्यालयाला ते खरे वाटले नाही. जंगलातून रणगाडे येणार नाहीत, हे तिथे आधीच ठरले होते. एखाद्याने जीव मुठीत धरून बातमी आणावी आणि टेबलामागे बसलेल्याने ती नकाशाशी जुळत नाही म्हणून बाजूला सारावी, हे माझ्या खात्यातल्या कुठल्याही देशाच्या माणसाला झोंबेल. लेखकाने यावर एक परिच्छेद खर्च केला असता तर बरे झाले असते.

१७४ चे सर्वांत प्रसिद्ध उड्डाण २३ मे १९४० चे, आरासच्या दिशेने. २/३३ या टेहळणी तुकडीचा वैमानिक होता आंत्वान द सेंट एक्झुपेरी, आपल्याकडे ‘लिटल प्रिन्स’मुळे ठाऊक असलेला लेखक. वय एकोणचाळीस, म्हणजे त्या कामाला थोराडच. नाकातल्या काचेत निरीक्षक द्युतेर्त्र, मागे बंदूकधारी. आधी दहा हजार मीटरवर, जिथे थंडीने नियंत्रणे गोठली आणि पॅडल हलेना. मग खाली उतरून विमानविरोधी तोफांच्या माऱ्यातून. विमान परत आले. पण तोवर लढाईची आघाडी इतकी मोडली होती, टेलिफोन आणि मुख्यालये अशी विखुरली होती, की आणलेली माहिती द्यायची कोणाला हाच प्रश्न. लेखनात त्याने स्वतःच ते नोंदवले आहे, आणि आपल्या तुकडीच्या तेवीस विमानचमूंपैकी सतरा तीन आठवड्यांत गेल्याचेही.

फ्रान्सने जर्मनीशी तह केल्यावर उरलेली बरीच १७४ उत्तर आफ्रिकेत गेली. जर्मनांच्या हाती लागलेल्या १४एन इंजिनांचा शेवट मात्र गमतीचा. मेसरश्मिट ३२३ ‘गिगांट’ हे सहा इंजिनांचे अवाढव्य मालवाहू विमान त्यांनी याच इंजिनांवर चालवले. चपळाईसाठी निवडलेले इंजिन एका अतिशय मंद विमानाला जुंपले गेले! आणि मूळ आराखड्यातून निघालेले १७५ युद्धानंतर फ्रेंच नौदलासाठी टॉर्पेडो विमान म्हणून पुन्हा बनवले गेले. टाकाऊ आराखड्यासाठी कोणी एवढे कष्ट घेत नाही.

लेखमालेच्या पुढच्या भागात फ्रेंच लढाऊ विमानांवर लिहिणार असल्याचे म्हटले आहे. लेखकाला एक विनंती. द्वोआतिन ५२० चा उल्लेख येईल तेव्हा दोन तारखा शेजारी शेजारी छापाव्यात : पहिले उड्डाण २ ऑक्टोबर १९३८, आणि जर्मन हल्ल्याचा दिवस १० मे १९४०. त्या दुसऱ्या दिवशी ही विमाने लढायला तयार अशी फक्त एका गटाकडे होती, छत्तीस.

आपला नम्र,
हवाई दलाच्या छायाचित्र विभागातील एक निवृत्त वॉरंट ऑफिसर