सूचना : आभा क्रमांक व आरोग्य नोंदींच्या देवाणघेवाणीबाबत

सर्व ज्येष्ठ सभासदांस कळविण्यात येते की, आयुष्मान भारत डिजिटल मिशनअंतर्गत मिळणारा १४ अंकी आभा क्रमांक (आपल्या आरोग्य नोंदी जोडणारा ओळख क्रमांक) आणि विम्यासाठीचे आयुष्मान कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आभा क्रमांक काढल्याने उपचारखर्चाचे संरक्षण मिळत नाही. हा गैरसमज आपल्याकडे फार पसरलेला दिसतो.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणामार्फत राबविल्या जाणाऱ्या या डिजिटल मिशनचा हेतू असा की, एका रुग्णालयातील तपासणी अहवाल, औषधचिठ्ठ्या व डिस्चार्ज कार्ड दुसऱ्या डॉक्टरांना रुग्णाच्या संमतीने पाहता यावेत. या नोंदी दिल्लीत एका ठिकाणी साठवल्या जात नाहीत. त्या ज्या रुग्णालयात वा प्रयोगशाळेत तयार झाल्या तिथेच राहतात, आणि आपण परवानगी दिल्यावरच, तीही ठरावीक नोंदींपुरती व ठरावीक मुदतीपुरती, पुढे पाठवल्या जातात. दिलेली संमती मागे घेता येते. मात्र संबंधित रुग्णालय या व्यवस्थेला जोडलेले नसेल तर क्रमांक असूनही उपयोग होत नाही, म्हणून जुन्या फायली तूर्त टाकून देऊ नयेत.

क्रमांक घेणे ऐच्छिक असून त्यासाठी शुल्क नाही. नोंदणीसाठी आधार कार्ड व आधारशी जोडलेला मोबाईल सोबत ठेवावा. फोनवरून ओटीपी विचारणाऱ्या कोणासही, तो स्वतःला सरकारी कर्मचारी म्हणवीत असला तरी, ओटीपी सांगू नये.

— कार्यवाह