आमच्या फिजिओ ताईंना थँक्यू

ताई,

तुम्ही म्हणाल काका समोर तर गप असतात आणि इथं पानभर लिहितायत, पण समोर तुम्ही बोलू कुठं देता, हात वर, खांदा उचलू नका, मान सैल सोडा, यातच वेळ संपतो.

उजव्या खांद्याची गादी पार झिजलेली, हाडावर हाड घासायचं, केस विंचरायलासुद्धा डावा हात. सांधा बदलायचं ठरलं तसं घरचे, पाहुणे, पेठेतले सगळे सुरू झाले, आता वय झालं, पोहणं आणि लाठी बास. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी विचारलंत, काका या हातानं तुम्हाला करायचंय काय? मी म्हटलं पंचगंगेत पोहायचंय आणि तालमीत पोरांना लाठी शिकवायचीय. हसला नाहीत, वहीत लिहून घेतलंत.

आणि ब्रेकपण तुम्हीच लावलात. सर्जन म्हणाले ऑपरेशन मस्त झालं, मला वाटलं सुटलो. तुम्ही समजावलंत की नवा सांधा घट्ट आहे हो, पण आत जायला खांद्याच्या पुढचा स्नायू सोडवून परत शिवलाय, तो जुळून येईपर्यंत साधारण सहा आठवडे हात बाहेरच्या बाजूला वळवायचा नाही, खुर्चीवरून उठताना त्या हातावर जोर द्यायचा नाही. कारण कळलं म्हणून पाळलं, नुसतं नको म्हटलं असतं तर आम्ही कोल्हापूरकर ऐकतोय होय! झोळीत हात घालून रंकाळ्यावर फिरायचो, दहा पावलांवर एकजण विचारायचाच, काय झालं हो हाताला.

पुढं व्यायामाला काठी लागली तर म्हणालात तालमीतली आणा की. पोरांची छोटी लाठी आणली. उताणं झोपून, कोपराखाली टॉवेलची गुंडाळी, डाव्या हातानं लाठी ढकलायची आणि उजवा हात नुसता तिच्यामागं बाहेर जायचा, तोपण तुम्ही सांगाल तिथपर्यंतच. एवढी वर्षं लाठी फिरवली, पण लाठीनं मला फिरवलं ते पहिल्यांदाच 😄

हात पाठीमागं जाणं सगळ्यात उशिरा आलं. लंगोटाची गाठ मारता येत नाही हे तुम्हाला सांगायला लई लाजलो होतो, तुम्ही मात्र सरळ टॉवेल घेऊन तोच व्यायाम दिलात. अजून पूर्ण पोचत नाही, गाठ बाजूला मारतो, चालतंय.

सर्जननी परवानगी दिली, नदीचं पाणी उतरलं आणि घाटावर उतरलो. ब्रेस्टस्ट्रोकच, सावकाश, पण दुखलं नाही ओ ताई! पोरांना लाठीचे साधे हात दाखवतो. दांडपट्टा बंद, जोराचे झटके बसले तर नव्या सांध्यातली प्लास्टिकची वाटी सैल होऊ शकते म्हणालात, ते पटलंय.

मनापासून थँक्यू. आणि हो, पुढच्या वेळी फ्रीस्टाइलचं विचारणार आहे, लगेच नाही म्हणू नका.

तुमचा पेशंट, पेठेतले काका