घरात मीटर लागायच्या आधी

रत्नागिरी

प्रिय मित्रा,

तुझा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो, धड बोलणं झालं नाही, म्हणून आता निवांत बसून लिहितोय. चौथरा झाला, चिरा पडला, आता वायरमन पॉइंट विचारतोय हे ऐकून खरंच भरून आलं रे. शाळेत असताना गुहागरच्या समुद्रावर बसून आपण घराच्या गप्पा मारायचो, त्यातलं पहिलं घर तुझं होतंय.

तू विचारलंस कुठल्या कंपनीची वीज घेऊ. तुझी मुंबईची सवय आहे, तिकडे उपनगरात टाटा की अदानी हे ठरवता येतं. इकडे तो प्रश्नच नाही, महावितरण एवढंच. पण निवड करायची नाही असं समजू नकोस, कारण कनेक्शन सिंगल फेज की थ्री फेज, मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची परवानगी) किती, आणि मुख्य म्हणजे सोलर बसवायचा तर किती किलोवॅटचा आणि कोणाकडून, हे सगळं तुलाच ठरवायचंय. फेज आणि भार एका वेळी काय काय चालू असेल यावर ठरतात, पण सोलर सगळा एकाच आकड्यावर उभा आहे, तुझ्या घराला महिन्याला किती युनिट लागणार. तो आकडा तू स्वतः काढ, दुसऱ्या कोणाला काढू देऊ नकोस, एवढंच सांगायला हे पत्र.

माझं काय झालं ते सांगतो. सोलरवाला घरी आला, बिल मागितलं, मी हाताशी होतं ते मे महिन्याचं दिलं. मे म्हणजे तुला माहितीये, भाऊ-वहिनी, मुलं, सगळे घरात, एसी रात्रभर, विहीर तळाला गेलेली त्यामुळे पंप तासतासभर. त्याने त्या एका बिलावरून हिशोब केला आणि ३ किलोवॅट लावून दिला, वर सांगितलं की पीएम सूर्यघर या केंद्र सरकारच्या सोलर योजनेमध्ये ३ किलोवॅटला सबसिडी सगळ्यात जास्त. खोटं नव्हतं ते, ७८,००० मिळतात. पण त्यातले ६०,००० पहिल्या २ किलोवॅटलाच मिळतात, तिसऱ्याला फक्त १८,००० हे त्याने फोडून सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वर्षभरात आमचा वापर त्याच्या अंदाजाच्या निम्म्याच्या आसपास निघाला. जास्तीची युनिट्स कंपनीच्या लाइनमध्ये जातात आणि नेट मीटरिंगमध्ये पुढच्या महिन्यात जमा होतात ते ठीक आहे, पण ३१ मार्चला जी उरतात ती कंपनी अगदी कमी दराने घेते. मला त्याचा राग अजून आहे, पैशांपेक्षा त्याचा की त्याने घर कोण वापरतं हे एकदाही विचारलं नाही.

आता तुझं. तुझा फ्रीज मुंबईहून येणार ना? त्याच्या स्टार लेबलवर वर्षाची युनिट्स छापलेली असतात, २०० असतील तर महिन्याला १७, आपल्या उकाड्यात २० धर. पंखे हीच खरी गोम आहे. आपल्याकडे दमट हवा, पंखा दिवसरात्र लागतो. हजार वॅट तासभर चालले की १ युनिट. साधा पंखा ७५ वॅट, चार पंखे दहा-दहा तास म्हणजे दिवसाला ३ युनिट, महिन्याला ९०. तेच बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घेतलेस तर ३० वॅट, महिन्याला ३६. नुसत्या पंख्यांत ५४ युनिटचा फरक! म्हणून घरात बाकी काही साधं घे पण पंखे बघून घे. दिवे एलईडी असले की फारसा विचार करू नको, ९ वॅटचे आठ दिवे पाच तास, महिन्याला ११. पंप १ एचपी, नावाला ७४६ वॅट पण ओढतो साधारण १ किलोवॅट, रोज वीस मिनिटं टाकी भरायला, १० युनिट. टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन मिळून अजून १०-१२.

आता एक गोष्ट जी कागदावर दिसत नाही. मी एका रात्री घरातलं सगळं बंद केलं, फ्रीजसुद्धा, आणि टॉर्च घेऊन पडवीत मीटरसमोर उभा राहिलो. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो बघ, आमच्या मीटरवर ३२०० लिहिलंय, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट. बायको म्हणाली आता तो थांबायला हवा. थांबलाच नाही, साधारण २८ सेकंदांनी एकदा लाल होत होता. हिशोब केला, ४० वॅट चालू! इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्स, वायफाय. दिवसरात्र ४० वॅट म्हणजे महिन्याला जवळजवळ २९ युनिट, काही न वापरता. तुझ्या मुंबईच्या मीटरवर हा प्रयोग या आठवड्यातच कर, फ्रीज एकटा चालू ठेवून पण कर, जे इकडे येणारंय त्याचं वजन तिकडेच कळेल.

तुझ्याकडचं हे न वापरता जाणारं १५-२० धरलं, पंखे बीएलडीसी घेतले, की तुझं एसी आणि गीझर सोडून महिन्याला १०० च्या जवळपास येतंय. आणि १०० ही साधी संख्या नाही, घरगुती दराची पहिली पायरी तिथे संपते, १०१ पासून ३०० पर्यंतच्या युनिटांचा दर एकदम वर जातो. गीझरचं म्हणशील तर एका माणसाच्या बादलीभर कडक पाण्याला अर्ध्याहून जास्त युनिट जातं, चार माणसांचं महिन्याला ७५ धर. काकूंना विचार, त्या पाणी तापवायचा बंब सोडणार नाहीत, आणि परसात नारळाची सोडणं पडलेलीच असतात, बंबात तीच घाला. एसी हवाच असेल तर एका खोलीत, आणि तो एप्रिल-मेचा वेगळा लिही, वर्षभराच्या सरासरीत मिसळू नको. गणपतीचे दिवसही वेगळे लिही, तुझे दोघे भाऊ येतील तेव्हा घर दुप्पट होतं.

१ किलोवॅटचा सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास. पावसात मात्र जून ते ऑगस्ट निम्म्यावर येतं, त्यातलं काही एप्रिल-मेच्या जमेतून भागतं. मला तर तुला एसी नसेल तर १, असेल तर फार तर २ वाटतो. वायरमन थ्री फेज घे म्हणतोय, पण त्याचा दर महिन्याचा स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा कितीतरी जास्त असतो, वीज वापरा नाहीतर नका वापरू, आणि तुझ्या यादीत असं काहीच नाही ज्याला तो लागेल.

अजून एक, हे नीट वाच. लाइट गेली की साधा ऑनग्रिड, म्हणजे कंपनीच्या लाइनला जोडलेला बिनबॅटरीचा, सोलर बंद पडतो. लाइनवर माणूस काम करत असेल तर त्याला शॉक बसू नये म्हणून तसाच बनवलेला असतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, आणि लोकांना वाटतं पॅनेल असले की घर उजळणार. त्यासाठी बॅटरी लागते, तिचे पैसे वेगळे. जो सोलरवाला तुला हे आपणहून सांगेल त्याच्याशी पुढे बोल. खाऱ्या वाऱ्याला पॅनेलखालचं लोखंडी स्ट्रक्चर कुठलं, गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेलं) की नुसतं रंगवलेलं, हेही लेखी घे. आणि दक्षिणेला तो जुना आंबा आहे ना, थंडीत सूर्य खाली असतो तेव्हा त्याची सावली पार घरावर येते, डिसेंबरात दुपारी फोटो काढून ठेव.

रविवारी सकाळच्या एसटीने येतो, माझी बाराही बिलं घेऊन. तू फक्त कुठली वस्तू किती तास लागते ती यादी तयार ठेव, काकूंना सोबत बसवून, कारण पंखा कधी लावतात हे त्यांनाच माहीत. त्यांना नमस्कार सांग, आणि वहिनींना सांग मी उकडीचे मोदक खाल्ल्याशिवाय जाणार नाही.

तुझाच,
मित्र