सूर्य मावळण्याआधी नेमके काय मिटवायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यातील चिडचिडीवर आपल्या पुरवणीत आलेला लेख कामाचा होता. त्यातील ‘धर्म माणसाला राग गिळायला शिकवतो’ हे विधान मात्र ख्रिस्ती शास्त्राला लागू पडत नाही. राग गिळायचाच असता तर बायबलमधील स्तोत्रसंहितेत देवालाच ‘किती काळ?’ म्हणून विचारणारी इतकी स्तोत्रे आलीच नसती. शास्त्र रागाला वेळ, जागा आणि पद्धत ठरवून देते. अडचण अशी, की आमच्या मंडळ्यांतच (म्हणजे चर्चमध्येच) ही पद्धत अर्धीमुर्धी सांगितली जाते आणि त्या अर्ध्या भागामुळे घरे जास्त पेटतात. म्हणून हे पत्र.

सगळ्यात जास्त वापरले जाणारे वचन म्हणजे प्रेषित पौलाचे इफिसकरांस पत्र, ४:२६ (अध्याय ४, ओवी २६). रागावा, पण पाप करू नका. राग मनात असताना सूर्य मावळू देऊ नका. याचा घरोघरी लावला जाणारा अर्थ असा, की भांडण आजच्या आज मिटले पाहिजे. मग रात्री अकराला, यंत्रमागाची पाळी संपवून आलेला नवरा आणि नळाला पाणी कधी येते याची दिवसभर वाट पाहून वैतागलेली बायको, दोघेही उपाशी आणि अर्धवट झोपेत, ‘वचन पाळायला’ बसतात. साडेबारापर्यंत मूळ मुद्दा बाजूला पडून सासरच्या तीन पिढ्या निघालेल्या असतात.

पौलाच्या त्या वाक्याची सुरुवात चौथ्या स्तोत्राच्या चौथ्या ओवीतून आलेली आहे, हे फार कमी वेळा सांगितले जाते. ती ओवी पुढे काय म्हणते? अंथरुणावर पडल्या पडल्या मनाशी विचार करा आणि गप्प राहा. हे स्तोत्र संध्याकाळचे आहे. ‘मी स्वस्थपणे पडून झोपी जाईन’ या भावावर ते संपते. म्हणजे सूर्यास्तापूर्वी मिटवायचा तो आपल्या आतला डाव, परतफेडीचा बेत. दुसऱ्याशी बोलणे सकाळी झाले तरी वचन मोडत नाही. सूर्यास्ताची अशीच मुदत बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकात (२४:१५) मजुरीसाठीही आहे: मजुराचे पैसे दिवस मावळण्याआधी द्या. कामगाराचा आठवडा अडकवून ठेवणाऱ्याने त्याला राग आवरण्याचा उपदेश करू नये, हे त्यातून आपोआपच निघते.

आता पद्धत. राग डोक्यात चढण्याआधी तो शरीरात दिसतो. भाऊ हाबेल याचा खून करण्याआधी काइनाला देवाने विचारले, तुझे तोंड का उतरले? (उत्पत्ती ४:६). प्रत्येकाची खूण वेगळी असते: जबडा आवळणे, कान तापणे, आवाज एक पट्टी वर जाणे, एकच वाक्य तिसऱ्यांदा बोलणे. आपल्या दोन खुणा शोधून घरच्यांना आधीच सांगून ठेवाव्यात, कारण ऐन वेळी त्या आपल्यापेक्षा त्यांना लवकर दिसतात. नीतिसूत्रे १७:१४ भांडणाच्या आरंभाला पाण्याला फोडलेल्या वाटेची उपमा देते आणि म्हणून भांडण भडकण्यापूर्वीच ते सोडायला सांगते. बांध फुटल्यावर मूठमूठ माती टाकून काय होणार?

सोडायचे कसे, यातच बहुतेक जण चुकतात. दार आपटून निघून जाणे म्हणजे सोडणे नव्हे. शांत दिवशी दोघांनी मिळून एक वाक्य ठरवावे. उदाहरणार्थ, ‘मला राग आलाय, साडेआठला बोलू.’ परत येण्याची वेळ सांगितलीच पाहिजे. न सांगता गेल्यास समोरच्याला टाकून दिल्यासारखे वाटते आणि तो दारापर्यंत मागे येतो. मध्ये किमान अर्धा तास जावा. तापलेले शरीर पाच मिनिटांत थंडावत नाही. या अर्ध्या तासात दुचाकी काढू नये आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. तोंड बंद ठेवून व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकणे हेही भांडणच आहे. ठरलेल्या वेळी राग उतरला नसेल तरी परत यावे आणि दुसरी वेळ सांगावी. दोनदा न आलेल्या माणसाच्या त्या वाक्याला घरात किंमत राहत नाही.

उशी बडवणे, भांडी आपटणे, ‘एकदाचे ओकून टाकणे’ यांनी राग उतरतो हा समज पक्का आहे, पण खोटा आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचे, दहा हजारांहून अधिक लोकांवरील निष्कर्ष एकत्र तपासले. शरीराची धग कमी करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, शिथिलीकरण यांनी राग कमी झाला. नुसते धावण्याने तर तो वाढण्याकडेच कल दिसला. मूर्ख आपला सगळा राग बाहेर टाकतो, हे नीतिसूत्रे २९:११ मध्ये आहेच.

संथ श्वासाला वचन जोडता येते. स्तोत्र १४१:३ दोन तुकड्यांचे आहे. ‘परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा ठेव’ हे मनात म्हणत चार आकडे होईपर्यंत श्वास आत, ‘माझ्या ओठांचे द्वार सांभाळ’ म्हणत सहा आकडे होईपर्यंत बाहेर. मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटांत तीस. चक्कर आली तर श्वास फार खोल घेतला जातोय असे समजून तो उथळ करावा. हे रोज सकाळी शांत असताना करावे लागते; ऐन रागात पहिल्यांदा करायला गेल्यास आठवतही नाही. आणि सोलापूरसाठी एक खास सूचना: तोंडात शिवी ज्या भाषेत येते, त्याच भाषेत वचन पाठ करा. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्याने मराठी उपासनेत शिकलेले वचन रागाच्या क्षणी जिभेवर येत नाही.

यानंतर वही. नमुना म्हणून स्तोत्र १३ घ्यावे. अवघ्या सहा ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत तक्रार, त्यात ‘किती काळ’ हा प्रश्न चारदा येतो. पुढच्या दोन ओव्यांत मागणे. शेवटच्या दोनांत भरवसा. याच क्रमाने दहा मिनिटे लिहावे, देवाला उद्देशून. तक्रारीत माणसाचे नाव, त्याने केलेली गोष्ट आणि आपले झालेले नुकसान सरळ लिहावे. तिथे सभ्यपणा नको. लोक थेट शेवटच्या ओवीवर उडी मारतात, ‘तरी मी देवाचे गुणगान गाईन’ असे लिहितात, आणि तक्रार तशीच आत राहून चौथ्या दिवशी मुलांवर निघते. ते पान कोणाला वाचायला देऊ नये, फोटो काढून पाठवू तर मुळीच नये.

एका जुन्या खोडीचाही इथे उल्लेख करतो: जोडीदाराला ऐकू जाईल अशा आवाजात ‘प्रभू, यांना सुबुद्धी दे’ म्हणणे. ती प्रार्थना नसून टोमणाच आहे. प्रार्थनासभेत ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून शेजारणीची कुलंगडी मांडणे त्याच जातीचे.

राग योग्य की अयोग्य, याची परीक्षा योना संदेष्ट्याच्या पुस्तकातली घ्यावी. निनवे हे शत्रूचे नगर नाशातून वाचले म्हणून तो चिडला, सावली देणारे झाड किडीने वाळले म्हणूनही चिडला, आणि देवाने दोन्ही वेळा एकच विचारले: तुझे रागावणे योग्य आहे काय? दुसऱ्या वेळी योना ‘योग्यच आहे’ म्हणाला; पुस्तक मात्र एक लाख वीस हजारांहून अधिक लोकांच्या त्या नगराबद्दल देवाने विचारलेल्या प्रश्नावर संपते, आणि त्याचे उत्तर नोंदवत नाही. स्वतःला विचारावे: माझी सावली गेली, की कोणावर अन्याय झाला? येशूच्या रागाचे प्रसंग पाहा. वाळलेल्या हाताच्या माणसापेक्षा शब्बाथाचा (विश्रांतीच्या दिवसाचा) नियम मोठा मानणाऱ्यांवर (मार्क ३:५), लेकरांना अडवणाऱ्या शिष्यांवर (मार्क १०:१४), मंदिरातल्या बाजारावर. स्वतःची निंदा होताना तो उलट बोलला नाही (१ पेत्र २:२३). मात्र ही कसोटी मार खाणाऱ्या बाईवर उलटवू नये. तिच्यावर होतो तो अन्यायच आहे, आणि तिचा राग ‘अहंकार’ नाही.

बोलण्याची वेळ कशी निवडावी हे नाबालाची बायको अबीगईल हिच्यापासून शिकावे (१ शमुवेल २५). दावीद ४०० माणसे घेऊन नाबालाचे घर संपवायला निघाला, तेव्हा तिने उपदेशाआधी शिदोरी पाठवली: २०० भाकरी, द्राक्षारसाचे २ बुधले, ५ मेंढ्यांचे मांस, ५ मापे हुरडा, खिसमिसाचे १०० घड, अंजिराच्या २०० ढेपा. उपाशी माणसाशी वाद घालायचा नाही, एवढे तिला ठाऊक होते. घरी आली तर नाबाल पिऊन तर्र. तिने त्या रात्री अवाक्षर काढले नाही. नशा उतरल्यावर सकाळी सांगितले. दारू प्यायलेल्या माणसाशी त्याच रात्री ‘मिटवायला’ बसवणाऱ्या नातेवाइकांनी हा अध्याय जरूर वाचावा.

बोलणे आधी एकट्याशी, एकांतात. मत्तय १८:१५ चा क्रम तोच आहे. कुटुंबाच्या ग्रुपवर नाही, सासूच्या देखत नाही, पाण्याची वेळ असताना नाही. एक घटना, तिचा झालेला परिणाम, एक मागणी. ‘काल तुम्ही पाहुण्यांसमोर माझ्या स्वयंपाकाला नावे ठेवली, मला मान खाली घालावी लागली, पुढच्या वेळी मला आत येऊन सांगा.’ एवढेच. ‘नेहमी’, ‘कधीच’ आणि ‘तुमच्या घरचे’ हे शब्द आले की समोरचा मुद्दा सोडून अपवाद शोधू लागतो. समोरचा बोलत असताना उत्तर जुळवू नये. त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत परत सांगून ‘हेच ना?’ म्हणून विचारावे. याकोब १:१९ मध्ये ऐकणे आधी येते, बोलणे नंतर.

क्षमा मागताना केलेली गोष्ट नाव घेऊन सांगावी. ‘काही चुकले असेल तर’ ही क्षमा नव्हे, आणि वाक्यात ‘पण’ आला की ती मागे घेतली गेली. फोडलेल्या मोबाइलचे पैसे द्यावेत. मत्तय ५:२३-२४ अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जायला सांगते, म्हणून प्रभुभोजनाच्या आदल्या आठवड्यात हे काम उरकावे. रविवारी सकाळी उपासनेला निघता निघता घाईने मागितलेली क्षमा सहसा टिकत नाही. बापाने लेकराची क्षमा मागण्यात कमीपणा मानला जातो, पण मुलांना चिडीस आणू नका ही आज्ञा बापांनाच उद्देशून आहे (इफिस ६:४).

आता जिथे ही सगळी पद्धत थांबवायची ती जागा. हात उगारला जात असेल, धमकी असेल, घरात कोंडले जात असेल, तर हा रागाचा नव्हे, हिंसेचा प्रश्न आहे. नीतिसूत्रे १९:१९ स्पष्ट आहे: अति रागीट माणसाला दंड भोगू द्या, सोडवाल तर पुन्हा सोडवावे लागेल. शौल राजाने दाविदावर भाला फेकला तेव्हा तो त्याच रात्री पळाला. पौलाला दिमिष्क नगरातून पाटीत बसवून तटावरून उतरवले गेले. पळून जाणे अविश्वास नव्हे. क्षमा करणे म्हणजे त्याच घरी परतणेही नव्हे. पाळकांना विनंती, अशा जोडप्याला एका खोलीत समोरासमोर बसवून प्रार्थना करू नका; बायको तिथे खरे बोलू शकत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. दोघांना वेगवेगळे, वेगळ्या दिवशी भेटा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक मंडळीच्या सूचना-फलकावर लावा.

काहींचा राग स्वभावातून येत नाही. अपुरी झोप, दारू, थायरॉइड, साखरेतील चढउतार, नैराश्य, डोक्याला झालेली जुनी इजा, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. पूर्वी शांत असलेला माणूस काही महिन्यांत तापट झाला तर प्रार्थनेबरोबर डॉक्टर गाठावा. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. दोन्ही केले म्हणजे विश्वास कमी पडला असे नाही.

विश्वास धरल्यावर राग एका दिवसात जातो असेही कोणी समजू नये. ख्रिस्ती झालेले कवी रेव्ह. ना. वा. टिळक यांचा शीघ्रकोप त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत कुठेही झाकलेला नाही. याकोब आणि योहान या शिष्यांना येशूने ‘गर्जनेचे पुत्र’ म्हटले, आणि तेच दोघे शोमरोनी गावावर आकाशातून अग्नी पाडायला निघाले होते. त्याने त्यांना धमकावले, पण शिष्यपणातून काढले नाही.

आमची एक सूचना आहे. लग्नाआधीच्या मार्गदर्शनात पोशाख, पत्रिका आणि जेवणावळीच्या बोलण्यातून थोडा वेळ काढून पाळकांनी प्रत्येक जोडप्याकडून ते ‘साडेआठला बोलू’चे वाक्य ठरवून घ्यावे, दोघांच्या खुणा लिहून घ्याव्यात आणि स्तोत्र १३ त्यांच्याकडून एकदा लिहवून घ्यावे. एका बैठकीत हे होते. लग्नानंतर तीन महिन्यांनी पुन्हा बोलावून ते वाक्य वापरले का, हे विचारायला मात्र विसरू नये.

आपले,
मंडळीत कुटुंब-समुपदेशनाचे काम करणारे काही जण, सोलापूर